ओ. जी. एस. क्रॉफर्ड : मुंबईत जन्मलेला आणि आकाशातून इतिहास वाचायला शिकवणारा माणूस

१९२२ साली ब्रिटिश हवाई दलातल्या क्लार्क-हॉल नावाच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याला एक कोडं पडलं होतं. इंग्लंडमधल्या हॅम्पशायर परगण्यावर सरावासाठी विमानं उडत आणि वैमानिक खालच्या शेतांची छायाचित्रं घेत. त्यांतल्या काहींमध्ये विचित्र रेघा दिसत होत्या. उजाड टेकड्यांवर आणि शेतांवर कुणीतरी चौकड्यांचं कापड अंथरावं तशा. जमिनीवर जाऊन पाहिलं तर तिथे तसं काहीच ठळक दिसत नसे.

ही छायाचित्रं ज्या माणसाला दाखवण्यात आली, त्याने त्या रेघा लगेच ओळखल्या. ती प्राचीन शेतं होती. गवताखाली आणि नांगरटीखाली शेकडो वर्षं झाकली गेलेली अख्खी शेतव्यवस्था त्या कागदांवर उमटली होती.

या माणसाचं नाव ऑस्बर्ट गाय स्टॅनहोप क्रॉफर्ड. आज आपण उपग्रहाच्या चित्रांवरून पिकांचा अंदाज घेतो, दुष्काळ मोजतो, नद्यांची जुनी पात्रं शोधतो. हवेतून घेतलेलं चित्र नुसतं पाहायचं नसतं, ते वाचायचं असतं आणि हे वाचन शिकता येतं, ही गोष्ट पद्धतशीरपणे मांडणाऱ्या पहिल्या काही लोकांमध्ये क्रॉफर्ड होते.

ब्रीच कँडी ते हॅम्पशायर

क्रॉफर्ड यांचा जन्म २८ ऑक्टोबर १८८६ रोजी मुंबईत ब्रीच कँडी इथे झाला. (मुंबईचं क्रॉफर्ड मार्केट ज्यांच्या नावाने ओळखलं जातं ते महापालिका आयुक्त आर्थर क्रॉफर्ड वेगळे.) त्यांचे वडील सनदी सेवेत होते आणि ठाण्याला न्यायाधीश म्हणून काम करत. जन्मानंतर काही दिवसांतच आईचा मृत्यू झाला. बाळ तीन महिन्यांचं असताना त्याला बोटीने इंग्लंडला पाठवलं गेलं. सोबत होती पुण्यातल्या अँग्लिकन ननच्या मठाची प्रमुख असलेली आत्या.

वडील भारतातच राहिले आणि क्रॉफर्ड आठ वर्षांचे असताना तेही गेले. मुलाला दुसऱ्या आत्यांनी वाढवलं, आधी लंडनमध्ये आणि मग हॅम्पशायरमधल्या एका गावात. घरात धार्मिक शिस्त कडक होती. बोर्डिंग शाळेतले दिवसही त्यांच्यासाठी त्रासाचेच गेले. खेळात रस नव्हता, शाळेतल्या दंडेलीचा तिटकारा होता. शाळेच्या निसर्ग मंडळाच्या सहलींनी मात्र त्यांना हात दिला. स्टोनहेंज, एव्हबरी, जुने दफनाचे उंचवटे हे सगळं त्यांनी याच सहलींत पाहिलं. घरी आल्यावर ते सायकल आणि नकाशा घेऊन आसपासच्या टेकड्या धुंडाळू लागले.

ऑक्सफर्डला त्यांनी आधी ग्रीक-लॅटिन अभिजात साहित्याचा अभ्यासक्रम घेतला, पण १९०८ मध्ये तो सोडून भूगोल निवडला. त्या काळात भूगोल हा विद्यापीठात नवखा आणि कमी प्रतिष्ठेचा विषय होता. १९१० मध्ये त्यांना पदविका मिळाली. प्रबंधासाठी त्यांनी हॅम्पशायरमधल्या अँडोव्हर गावाचा परिसर निवडला होता. तिथली माती, खडक, पाण्याच्या वाटा आणि माणसांच्या जुन्या वस्त्या यांचा संबंध त्यांनी तपासला. पुढे हवाई छायाचित्रांनी त्यांचं आयुष्य बदललं तेव्हा विमानं याच भागावरून उडत होती, आणि खालची जमीन त्यांच्या पायांच्या ओळखीची होती.

युद्धात मिळालेलं शिक्षण

पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि क्रॉफर्ड सैन्यात गेले. आजारपणामुळे खंदकातून परत आल्यावर त्यांना नकाशांचं काम मिळालं. तेव्हा आघाडीवरचे नकाशे रोज बदलत असत. शत्रूने रात्रीत नवा खंदक खणला की दुसऱ्या दिवशी विमानातून छायाचित्र घेतलं जाई आणि त्यावरून नकाशा दुरुस्त होई.

या कामातून एक नवीनच कौशल्य जन्माला आलं. वरून पाहिलं की वस्तूंची ओळखीची रूपं नाहीशी होतात. घर म्हणजे फक्त छपराचा चौकोन, झाड म्हणजे एक ठिपका. मग कशावरून काय ओळखायचं? सावलीच्या लांबीवरून उंची, ताज्या मातीच्या उजळ रंगावरून नवं खोदकाम, गवतातल्या पुसट वाटेवरून माणसांची ये-जा. हे ज्याला जमेल तो लपवलेली तोफही शोधून काढी.

१९१७ मध्ये क्रॉफर्ड निरीक्षक म्हणून हवाई दलात गेले. पहिल्याच उड्डाणात जर्मन गोळ्यांनी त्यांचा उजवा पाय जखमी झाला. बरे होऊन ते पुन्हा विमानात बसले. फेब्रुवारी १९१८ मध्ये त्यांचं विमान पाडलं गेलं आणि ते युद्धकैदी झाले. इसार नदीत उडी घेऊन पळून जाण्याचा प्रयत्न त्यांनी केला, पण प्रवाहाने तो हाणून पाडला. उरलेले महिने त्यांनी कैदेत वाचनात आणि मानवाच्या भूतकाळावरचं एक पुस्तक लिहिण्यात घालवले. ते पुस्तक १९२१ मध्ये प्रसिद्ध झालं.

नकाशाच्या कार्यालयातला एकटा पुरातत्त्वज्ञ

ब्रिटनचे अधिकृत नकाशे तयार करणाऱ्या ऑर्डनन्स सर्व्हे या संस्थेने १९२० मध्ये क्रॉफर्ड यांना पहिले पुरातत्त्व अधिकारी म्हणून नेमलं. कार्यालय साउथॅम्प्टनला होतं. नकाशांवर जुने किल्ले, दफनाचे उंचवटे, रोमन रस्ते दाखवलेले असत, पण त्यांतल्या बऱ्याच नोंदी ऐकीव होत्या. त्या तपासून दुरुस्त करणं हे त्यांचं काम.

सुरुवातीला हा विभाग म्हणजे ते एकटेच. मोठ्या प्रमाणावरचे नकाशे पिशवीत घालून ते सायकलवरून निघत, मैलोन् मैल चालत, दिसेल ते नकाशावर टिपत. गावोगावच्या हौशी अभ्यासकांचं एक जाळंही त्यांनी विणलं. कार्यालयातल्या अनेकांना हा सगळा उपद्व्याप वाटे.

हॅम्पशायरची छायाचित्रं हाती आली ती या पायपिटीच्या काळातच. टेकड्यांच्या उतारावर बांधांचे तुकडे त्यांनी चालताना कितीदा पाहिले होते. पण जमिनीवरून एका वेळी एकच तुकडा दिसे. छायाचित्रात सगळे तुकडे एकमेकांना जोडले गेले. लहान, साधारण चौकोनी शेतं आणि नंतरच्या काळातली लांबट पट्ट्यांची शेतं यांतला फरक स्पष्ट झाला. चौकोनी शेतं अँग्लो-सॅक्सन लोक येण्याच्या आधीची आहेत, असं त्यांनी मांडलं. आज ती कांस्ययुगापासून रोमन काळापर्यंतची मानली जातात.

जमीन आपलं गुपित कसं उघड करते?

जे डोळ्यांसमोर उभं राहून दिसत नाही ते वरून का दिसतं? क्रॉफर्ड यांनी याची उत्तरं तीन गटांत मांडली.

पहिला गट सावल्यांचा. एखादा प्राचीन बांध झिजून झिजून वीतभर उरलेला असतो. भर दुपारी तो दिसत नाही. पण सूर्य उगवतीला किंवा मावळतीला असताना एवढासा उंचवटाही लांब सावली टाकतो. त्या वेळी घेतलेल्या छायाचित्रात बांधाची रेघ उमटते.

दुसरा गट मातीच्या रंगाचा. दक्षिण इंग्लंडच्या बऱ्याच भागात पातळ मातीखाली पांढरा चुनखडी खडक आहे. जुन्या बांधात खणून वर टाकलेला हा खडूसारखा चुरा असतो. त्यावरून नांगर फिरला की काळपट शेतात पांढरा पट्टा दिसतो. बुजलेल्या चराच्या जागी उलट गडद पट्टा दिसतो.

तिसरा गट पिकाचा, आणि तो सर्वांत उपयोगी. बुजवलेली विहीर किंवा जुना उकिरडा जिथे होता तिथलं पीक जास्त तरारून येतं, हे आपल्याकडच्या शेतकऱ्यालाही नवं नाही. तत्त्व तेच. हजारो वर्षांपूर्वी खणलेला चर कालांतराने भरून जातो, पण तिथली माती खोल आणि ओल धरणारी राहते. पाऊस ओढ देतो तेव्हा त्या जागेवरचं गहू-बार्लीचं पीक जास्त उंच वाढतं आणि जास्त दिवस हिरवं राहतं. जिथे खाली भिंतीचा पाया असतो तिथे मुळांना जागा मिळत नाही आणि पीक आधी पिवळं पडतं. शेतात उभ्या माणसाला फक्त पीक दिसतं. वरून पाहणाऱ्याला हिरव्या-पिवळ्या रंगात काढलेला आराखडा दिसतो.

हे समजावून सांगताना क्रॉफर्ड मांजराचं उदाहरण देत. नक्षीदार गालिच्यावर बसलेल्या मांजराच्या डोळ्यांना फक्त रंगांचे वेडेवाकडे डाग दिसतात. तोच गालिचा उभा असलेला माणूस पाहतो तेव्हा त्याला पूर्ण नक्षी दिसते. जमिनीवर चालणारा पुरातत्त्वज्ञ त्या मांजरासारखा असतो. हे उदाहरण त्यांना सहज सुचलं असावं, कारण त्यांना मांजरांचं भारी वेड होतं. मांजरांच्या भाषेवर त्यांनी पुढे बीबीसी रेडिओवर कार्यक्रमही केला.

स्टोनहेंजची हरवलेली वाट

या पद्धतीचा बोलबाला झाला तो स्टोनहेंजमुळे. तिथून निघणारा एक प्राचीन मार्ग थोड्या अंतरापर्यंत दिसत असे. दोन समांतर चर आणि त्यांच्या मधली वाट असं त्याचं रूप. पुढे मात्र नांगरटीने तो पुसला गेला होता आणि तो कुठे जात होता यावर वाद होता.

१९२१ चा उन्हाळा कोरडा गेला होता. त्या वर्षी हवाई दलाने घेतलेली छायाचित्रं तशीच पडून होती. १९२३ मध्ये ती पाहताना क्रॉफर्ड यांना शेतांमधून जाणाऱ्या दोन बारीक समांतर रेघा दिसल्या. त्या वळण घेऊन एव्हन नदीच्या दिशेने जात होत्या.

इथे त्यांनी जे केलं ते या विद्येचा पहिला धडा म्हणून आजही शिकवण्यासारखं आहे. छायाचित्रावर विसंबून ते थांबले नाहीत. रेघा नकाशावर उतरवल्या, शेतात नेमकी जागा मोजून काढली आणि त्याच वर्षी एका सहकाऱ्यासोबत तिथे खणून पाहिलं. मातीखाली बुजलेले चर खरोखरच सापडले. सुमारे अडीच किलोमीटरचा तो मार्ग स्टोनहेंजपासून नदीकडे जात होता.

हा आग्रह महत्त्वाचा होता, कारण छायाचित्र फसवूही शकतं. खडकातल्या नैसर्गिक भेगा चरांसारख्या दिसतात. शेतातला पाण्याचा निचरा करणारी नळवाट, लष्करी सरावाचे खड्डे, खताचे ढीग, बुरशीने गवतात तयार झालेली वर्तुळं, हे सगळं प्राचीन अवशेषांसारखं भासू शकतं. चुकायचं नसेल तर तिथली माती, शेतीची पद्धत आणि जुने नकाशे माहीत हवेत. विमान क्रॉफर्ड यांच्याइतकंच इतरांनाही उपलब्ध होतं. त्यांच्याकडे जास्तीची होती ती सायकलवरची वर्षं.

विमान भाड्याने घेऊन

वर्तमानपत्रांतल्या या बातम्या वाचून अलेक्झांडर केलर हा श्रीमंत गृहस्थ पुढे आला. मुरंबा विकणाऱ्या कंपनीचा तो वारस होता आणि त्याला पुरातत्त्वाचा नाद होता. त्याच्या पैशांतून १९२४ च्या उन्हाळ्यात दोघांनी विमान भाड्याने घेतलं आणि अँडोव्हरच्या धावपट्टीवरून दक्षिण इंग्लंडचं हवाई सर्वेक्षण केलं. त्यातली निवडक छायाचित्रं, प्रत्येकासोबत नकाशा आणि सविस्तर वाचन, असं पुस्तक १९२८ मध्ये आलं. हवाई पुरातत्त्वाचं ते पहिलं मोठं पाठ्यपुस्तक ठरलं.

१९२७ मध्ये क्रॉफर्ड यांनी 'अँटिक्विटी' हे नियतकालिक सुरू केलं. पुरातत्त्व तज्ज्ञांपुरतं न ठेवता सामान्य वाचकापर्यंत न्यायचं, हा त्यामागचा हेतू. ते आजही निघतं.

तोवर इतरांनाही ही दृष्टी लाभू लागली होती. डिसेंबर १९२५ मध्ये इन्सॉल या वैमानिकाला स्टोनहेंजजवळच्या एका शेतात गडद ठिपक्यांची वर्तुळं दिसली. पुढच्या उन्हाळ्यात पिकात ती आणखी स्पष्ट झाली. उत्खननात तिथे लाकडी खांबांच्या सहा वर्तुळांचे खड्डे निघाले. ही जागा आज वुडहेंज म्हणून ओळखली जाते.

सॉल्सबरीजवळच्या लिटल वुडबरीचा शोधही हवाई छायाचित्रातूनच लागला. नाझी राजवटीने नोकरीवरून काढलेले जर्मन पुरातत्त्वज्ञ गेरहार्ड बेर्सू यांना क्रॉफर्ड यांच्या पुढाकाराने तिथलं उत्खनन मिळालं. लोहयुगातले लोक खड्ड्यांत राहत, असा तोवरचा समज होता. बेर्सू यांनी दाखवून दिलं की ते खड्डे धान्याची पेवं होती आणि लोक मोठ्या गोल लाकडी घरांत राहत.

एक इशारा, जो कुणी ऐकला नाही

क्रॉफर्ड स्वभावाने सोपे नव्हते. मूर्खपणा त्यांना सहन होत नसे आणि तो लपवण्याची कलाही त्यांच्याकडे नव्हती. ते अविवाहित राहिले. १९३० च्या दशकात सोव्हिएत रशियाबद्दल त्यांना मोठी आशा वाटत होती, पुढे ती मावळली. वरिष्ठांशी त्यांचे खटके उडत.

दुसरं महायुद्ध जवळ आलं तेव्हा त्यांनी ओळखलं की साउथॅम्प्टन हे बंदर बॉम्बहल्ल्याचं लक्ष्य होणार. कार्यालयातले नकाशे, कागद आणि छायाचित्रं सुरक्षित जागी हलवा, असा त्यांनी आग्रह धरला. तो मानला गेला नाही. मग जमेल तेवढं साहित्य त्यांनी स्वतःच उचललं आणि शहराबाहेर नर्सलिंग गावातल्या आपल्या घराच्या गॅरेजमध्ये नेऊन ठेवलं.

नोव्हेंबर १९४० मध्ये बॉम्ब पडले. ऑर्डनन्स सर्व्हेचं मुख्यालय उद्ध्वस्त झालं आणि संग्रहाचा मोठा भाग जळून गेला. गॅरेजमधले गठ्ठे वाचले. हे नुकसान नुसत्या कागदाचं नव्हतं. १९२० च्या दशकात टिपलेली बरीच स्थळं नंतर यांत्रिक नांगराखाली, रस्त्यांखाली, इमारतींखाली गेली. अशा जागांचा पुरावा म्हणून फक्त छायाचित्र उरतं, आणि तेही जळलं तर ती जागा कायमची पुसली जाते.

युद्धाच्या उरलेल्या काळात क्रॉफर्ड कॅमेरा घेऊन साउथॅम्प्टनच्या जुन्या इमारतींची छायाचित्रं घेत राहिले. १९४६ मध्ये ते निवृत्त झाले आणि २८ नोव्हेंबर १९५७ च्या रात्री नर्सलिंगच्या घरी झोपेतच गेले.

पुढे ही विद्या कुठवर आली?

पहिल्या महायुद्धातून निघून पुरातत्त्वात रुजलेलं हे कौशल्य दुसऱ्या महायुद्धात परत रणांगणावर गेलं. ब्रिटनच्या हवाई छायाचित्र वाचन केंद्रात ग्लिन डॅनियल, डोरोथी गॅरड असे पुरातत्त्वज्ञ काम करत होते. एकमेकांवर चढणारी दोन छायाचित्रं स्टिरिओस्कोपखाली ठेवून जमीन उंच-सखल स्वरूपात पाहण्याचं तंत्र तिथे रोजच्या सवयीचं झालं. डॅनियल पुढे दिल्लीतल्या अशाच केंद्राचे प्रमुख झाले. स्टुअर्ट पिगट हेही तिथे होते, आणि भारतातल्या त्या मुक्कामातूनच त्यांचं भारताच्या प्रागितिहासावरचं पुस्तक आकाराला आलं.

स्वतंत्र भारतात १९६६ मध्ये नेदरलँड्सच्या सहकार्याने देहरादूनला हवाई छायाचित्र वाचनाचं शिक्षण देणारी संस्था सुरू झाली. आज ती इस्रोच्या अखत्यारीतली भारतीय सुदूर संवेदन संस्था आहे. तिथे वनाधिकारी, भूगर्भशास्त्रज्ञ, नगररचनाकार शिकतात.

साधनं पार बदलली आहेत. १९७२ पासून लँडसॅट उपग्रह पृथ्वीची चित्रं पाठवत आहेत, १९८८ मध्ये भारताचा पहिला आयआरएस उपग्रह गेला. उपग्रह डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाशही टिपतो. निरोगी पान हा प्रकाश जास्त परावर्तित करतं, सुकणारं पान कमी. या फरकावरून संगणक पिकाची तब्येत मोजतो. मुळाशी गोष्ट क्रॉफर्ड यांचीच आहे : मातीखाली जे आहे ते पीक वर सांगतं.

२०१८ च्या उन्हाळ्यात आयर्लंडमध्ये मोठी कोरड पडली, तेव्हा न्यूग्रेंज या प्राचीन स्थळाजवळच्या शेतात ड्रोनच्या कॅमेऱ्याला एक प्रचंड वर्तुळ दिसलं. याआधी ते कुणालाही ठाऊक नव्हतं. पाऊस आला की ते पुन्हा हिरव्या रंगात मिसळून जाणार होतं.

महाराष्ट्रातही जुन्या वस्तीच्या जागा लोक 'पांढरी' म्हणून ओळखतात. राखेने आणि वस्तीच्या साठत गेलेल्या थरांनी तिथली माती काळ्या रानापेक्षा फिकी दिसते. ही माती खत म्हणून शेतात नेली जाते आणि टेकाड हळूहळू सपाट होतं. आज घरबसल्या मोबाइलवर उपग्रहाचं चित्र उघडून काळ्या शेतांमधला असा फिका डाग कुणीही शोधू शकतं. तो डाग म्हणजे खरंच जुनं गाव, की नुसता मुरूम, की कालच टाकलेली माती, हे मात्र चित्र सांगत नाही. त्यासाठी जुना नकाशा काढावा लागतो, गावातल्या माणसांना विचारावं लागतं आणि त्या शेताच्या बांधापर्यंत चालत जावं लागतं.